बैल पारखता, मग इंजिन का नाही?



सोमवारी बेल्ह्याच्या बाजाराला गेलेला माणूस बैल कसा घेतो, हे तुम्हाला सांगायला नको. आधी लांबून चाल बघायची. मग जवळ जाऊन जबडा उघडून दात मोजायचे : दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला. वशिंडावरून हात फिरवायचा, खांद्याला सूज आहे का ते चाचपायचे, खूर उचलून बघायचे, शेपटी पिळून बशा आहे का मारका आहे ते ताडायचे. मगच उपरण्याखाली बोटे दाबायची. वाडवडिलांपासून चालत आलेली ही विद्या कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत, तरी ती विद्याच आहे.

आता याच बाजारच्या गावात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर एक नवीच भानगड घरोघर निघू लागली आहे. दहावी-बारावी झालेला, नाहीतर मधेच शाळा सुटलेला मुलगा भंगारातून मेलेली मोटारसायकल घरी आणतो. गोठ्याच्या कडेला ती उभी करतो. आज इंजिन उघडतो, उद्या पत्रा कापतो, परवा वेल्डिंगवाल्याकडे चकरा मारतो. "मी माझ्या हाताने गाडी जोडणार, अशी गाडी पंचक्रोशीत कुणाकडे नसेल," म्हणतो. बाप म्हणतो, "कांद्याचे पैसे लोखंडात घालू नको." आईला वाटते, पोरगं हातपाय मोडून घेईल. आजोबा म्हणतात, "करू द्या, निदान पारावर बसून तंबाखू तरी मळत नाही."

तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. म्हणून आजच्या सदरात आपण हाच विषय घेऊ. घरी गाडी जोडण्यातले शहाणपण कोणते आणि वेडेपणा कोणता, याची नीट निवड करू. धान्य पाखडावे तसे पाखडू. कोंडा उडू द्या, दाणा राहू द्या.

हे वेड आजचे नाही

पहिली गोष्ट अशी की, मोटारसायकल जन्मालाच आली ती घरच्या लाकूड-लोखंडातून. जर्मनीत गॉटलिब डायम्लर आणि विल्हेल्म माय्‌बाख यांनी १८८५ साली जी पहिली पेट्रोलवरची दुचाकी केली, तिचा सांगाडा लाकडी होता. चाकेही लाकडी, आणि त्यांवर आपल्या बैलगाडीच्या चाकाला असते तशी लोखंडी धाव. तोल राहावा म्हणून बाजूला दोन छोटी चाके. शक्ती अर्ध्या घोड्याची, वेग ताशी सुमारे बारा किलोमीटर. आपल्याकडचा सुतार-लोहार ती बघून म्हणाला असता, "यात काय, हे तर आम्हीही करू."

दुसरे उदाहरण जपानचे. महायुद्धात देश बेचिराख झालेला. १९४६ साली सोइचिरो होंडा यांना लष्कराच्या वायरलेस यंत्रांची लहान इंजिने बेवारशी पडलेली दिसली. त्यांनी ती साध्या सायकलींना जोडली. सुरुवातीला पेट्रोलची टाकी म्हणून काय वापरले? थंडीत अंथरूण ऊबदार करायची गरम पाण्याची बाटली! पुढे याच होंडांच्या कंपनीने आपल्याकडच्या हीरोबरोबर काढलेल्या गाड्या तुमच्या-आमच्या बांधापर्यंत आल्या.

तिसरे उदाहरण न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांचे. या माणसाने १९२० साली एक 'इंडियन स्काऊट' मोटारसायकल विकत घेतली आणि उभे आयुष्य तीच गाडी सुधारत राहिला. पिस्टन स्वतः ओतायचा, त्याचा साचा म्हणून जुने डबे. कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या ॲक्सलच्या पोलादातून हाताने घडवला. १९६७ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेतल्या बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्याने त्या जुन्या गाडीवर ताशी सुमारे २९६ किलोमीटरचा वेग गाठून आपल्या वर्गातला जागतिक विक्रम केला. पण त्याच्या खोलीतली एक फळी लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिच्यावर त्याने आजवर फुटलेले, जळालेले, तुटलेले भाग मांडून ठेवले होते आणि वर लिहिले होते : वेगाच्या देवाला वाहिलेले नैवेद्य. मुलाला विक्रम सांगाल तेव्हा ही फळीही सांगा. विक्रम एक दिवसाचा होता, फळी भरायला चाळीस-पंचेचाळीस वर्षे लागली होती. आणि तो पळाला ते मोकळ्या मैदानावर. आळेफाट्याच्या चौकातून नव्हे.

आपल्या दारचे दाखले

परदेशाचे राहू द्या. बेल्ह्याहून जेजुरीला जाणाऱ्या रस्त्याने दक्षिणेला निघा. शिक्रापूरच्या अलीकडे पाबळ लागते. तिथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली मोठी नोकरी सोडून हा शास्त्रज्ञ पाबळच्या कोरड्या माळावर येऊन राहिला. शाळेत न रमलेल्या मुलांना हाताने काम करत करत शिकवायचे, हा त्यांचा ध्यास. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, जनावरे, घर आणि आरोग्य, सगळे थोडे थोडे आणि सगळे प्रत्यक्ष. त्याच आश्रमात जुन्या जीपचे चालते भाग घेऊन लहान शेतकऱ्याला परवडेल असा छोटा ट्रॅक्टर तयार झाला. त्याचे नाव ठेवले 'मेकबुल', म्हणजे यांत्रिक बैल. बैलबाजाराच्या गावापासून निघालेल्या रस्त्यावरच लोखंडी बैलही जन्माला यावा, हा योग मोठा गमतीचा आहे. पुढे २००२ साली अमेरिकेतल्या एम.आय.टी. या विख्यात संस्थेच्या मदतीने तिथे 'फॅब लॅब' नावाची कार्यशाळा निघाली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या अशा कार्यशाळांत ती मोडते. कलबाग सर २००३ साली गेले, पण काम चालू आहे.

जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीचे गोपाळ मल्हारी भिसे यांनी साध्या सायकलीचे पुढचे चाक आणि हँडल घेऊन त्याला कोळप्याची पास बसवली. नाव दिले 'कृषिराजा'. ज्याच्या दावणीला बैल नाही, त्याला हाताने ढकलून कोळपणी करता येऊ लागली. आज गावोगावच्या वेल्डिंग दुकानांत सायकल-कोळपे बनते.

गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मोटा देवळिया गावच्या मनसुखभाई जगानी यांनी १९९४ च्या सुमारास बुलेटच्या मागचे चाक काढून तिथे दोन चाकांचा सांगाडा आणि अवजारांची दांडी बसवली. दुष्काळात बैल सांभाळणे परवडेना, म्हणून केलेली ही युक्ती. 'बुलेट सांती' म्हणतात तिला. या यंत्राला भारतात आणि अमेरिकेतही पेटंट मिळाले.

आणि शेवटचा दाखला सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. यशवंतराव चव्हाणांचे हे जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेसाठी भंगारातले भाग जोडून छोटी चारचाकी जीप केली. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. खर्च सुमारे साठ हजार रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे चित्र पाहून तोंडभरून कौतुक केले, पण त्याच वेळी एक गोष्ट स्पष्ट सांगितली : ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती अडवणार. म्हणून त्यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. गोष्टीचा गोड शेवट सगळ्यांना पाठ आहे. मधले वाक्य मात्र कुणी ध्यानात ठेवत नाही. बोलेरो देणारा प्रत्येकाच्या दारात येत नाही, गाडी अडवणारा मात्र येतो.

भंगारातला बैल कसा पारखावा

आता कामाचे बोलू. जुनी गाडी घेण्याआधी तीही बैलासारखीच पारखावी.

सर्वांत आधी कागद. आर.सी. बुक कुणाच्या नावावर आहे? चासीवरचा आणि इंजिनावरचा नंबर कागदाशी जुळतो का? नंबर घासलेला, ठोकून बदललेला दिसला, तर फुकट दिली तरी घेऊ नका. चोरीची गाडी घेणाराही कायद्याच्या तावडीत सापडतो. सुटे इंजिन घेतले तरी विकणाऱ्याची सही असलेली पावती घ्या आणि जपून ठेवा.

मग दात. इंजिनाचे दात म्हणजे त्याचा दम, कॉम्प्रेशन. प्लग काढा, भोकावर अंगठा दाबून धरा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा. हवेने अंगठा जोरात उडवला पाहिजे. नुसती फुंकर आली तर पिस्टन-रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह गेले समजा. काढलेल्या प्लगचे तोंड बघा. बिस्किटासारखे तपकिरी असेल तर तब्येत ठीक. काळे-तेलकट असेल तर इंजिन ऑईल खाते आहे. चार स्ट्रोकच्या गाडीतून निळा धूर निघाला तरी हेच दुखणे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे, ते कार्बोरेटर साफ करून बहुधा सुधारते.

मग खूर. गाडी स्टँडवर लावून चाक फिरवा आणि रिमजवळ एक काडी स्थिर धरा. रिम काडीला एका जागी लागते, दुसऱ्या जागी सुटते, म्हणजे चाक डुलते. आऱ्या बोटाने वाजवून बघा. बद्द वाजली ती आरी ढिली.

मग मान आणि खांदा. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे हलवा. हँडलपाशी खट्‌खट्‌ जाणवली तर कोनसेट गेला आहे. तो बदलता येतो. पण जिथे हँडलचा दांडा चासीत शिरतो त्या मानेच्या जोडावर तडा दिसला, किंवा तिथे जुने वेल्डिंग दिसले, तर ती गाडी पडून मान मोडलेली आहे. असा बैल आपण घेतो का? मग अशी चासीही घेऊ नये.

शेवटी चाल. दोन्ही चाके सरळ करून मागच्या चाकाच्या बाजूने पुढपर्यंत सूत ताणून धरा. दोन्ही बाजूंनी मोजा. चाके एका रेषेत नसतील तर चासी वाकलेली आहे आणि ती गाडी रस्त्यावर सतत एका अंगाला ओढणार.

घरचे काय, कंपनीचे काय

इथे एक नियम पाठ करून ठेवावा. जो भाग तुटला तर फक्त लाज जाईल, तो घरी करावा. जो तुटला तर जीव जाईल, तो विकत आणावा.

घरी काय करता येते? बरेच काही. सीटचा पत्रा, त्यावर स्पंज आणि रेक्झिन, मडगार्ड, दुधाचे कॅन अडकवायचे कॅरिअर, स्टँड, टूलबॉक्स, चेनचे झाकण, पायटेकण. शिवाय साडीगार्ड. मागे बसणाऱ्या बाईचा पदर चाकात जाऊन झालेले अपघात तुम्ही ऐकले असतील. म्हणूनच मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारी जाळी असावी, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतच दंडक आहे. मुलाच्या हाताने पहिले काम करून घ्यायचे असेल तर आईने हेच सांगावे : "आधी माझ्या बाजूची जाळी कर." हात बसेल आणि कामही उपयोगाचे होईल. लेथवाल्याकडून बुश, स्पेसर हेही करून घेता येतात.

विकत काय आणावे? ब्रेकचे लायनर आणि केबल, चाकाचे ॲक्सल, पुढचे फोर्क, हँडलचा दांडा, रिम, आऱ्या, चेन आणि तिची कडी. इंजिन चासीला धरून ठेवणारे बोल्टही साध्या दुकानातले नकोत. ज्याच्या डोक्यावर ८.८ असा आकडा उमटवलेला आहे, तो बोल्ट घ्या. दिसायला सारखाच, पण पोलाद वेगळे.

ब्रेकचा हिशेब मुलाला पाटीवर मांडून दाखवा. वेग दुप्पट झाला तर गाडी थांबायला दुप्पट नव्हे, चौपट अंतर लागते. ताशी चाळीसच्या वेगात गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते. म्हणजे "अरे!" म्हणेपर्यंत बैलजोडी आणि गाडी मिळून जेवढी लांबी होते, तेवढे अंतर मागे पडलेले असते.

आणखी एक गैरसमज काढून टाका. जाड लोखंड वापरले म्हणजे गाडी मजबूत झाली, असे नाही. नारायणगावजवळ खोडदला आपण सगळ्यांनी त्या अवाढव्य दुर्बिणी पाहिल्या आहेत. अशा तीस थाळ्या, प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून त्या साकारल्या. नीट बघितले तर थाळीत जाड पत्रा नाहीच. पोलादी दोर ताणून त्यांवर बारीक तारेची जाळी बसवली आहे. वारा आरपार जातो, वजन कमी, म्हणून खर्चही कमी. मजबुती लोखंडाच्या वजनात नसते, ते कुठे आणि कसे ताणले-जोडले यात असते. चासीतही तेच. दोन नळ्या नुसत्या चिकटवू नका, कोपऱ्यात तिरकी पट्टी घालून त्रिकोण करा. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. आपल्या घराच्या कैचीला सुतार तिरके लाकूड घालतो ते याचसाठी.

वेल्डिंग : आगीशी खेळ

हा भाग घरातल्या सगळ्यांनी वाचावा.

पेट्रोलची टाकी कधीही घरी वेल्ड करू नये. रिकामी आहे, वाळलेली आहे, धुतली आहे, काहीही म्हणोत. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण कोंडलेले असते. ठिणगी पडली की ती टाकी राहत नाही, बॉम्ब होतो. टाकी गळत असेल तर दुसरी आणा.

पाण्याच्या पांढऱ्या जस्ती पाइपाचे तुकडे घरोघर पडलेले असतात. मुले तेच वापरतात. जस्तावर वेल्डिंग केले की पांढरा धूर निघतो, आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. जस्त घासून काढल्याशिवाय, आणि उघड्यावर वाऱ्याच्या दिशेला पाठ केल्याशिवाय असा पाइप जोडू नये. चासीसाठी तर तो वापरूच नये.

काळ्या काचेशिवाय वेल्डिंगकडे बघू नये. लहान मुले गंमत बघायला जमतात, त्यांना आधी घालवा. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते ते यामुळेच.

आणि कामाची रीत अशी. बाई कपडा शिवताना आधी कच्चे टाके घालते, मग शिवण मारते. लोखंडाचेही तसेच. आधी समोरासमोर थोडे थोडे टाके घाला, सूत लावून माप बघा, मग पक्के वेल्डिंग करा. एका बाजूने सलग वेल्डिंग मारत गेलात तर उष्णतेने लोखंड तिकडे ओढले जाते आणि सरळ केलेली चासी वाकडी होते.

कायदा काय म्हणतो

हौसेला मोल नसते म्हणतात, पण दंडाला असते. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. रस्त्यावर आणायच्या गाडीची नोंदणी हवी, विमा हवा. कंपनीने ज्या नमुन्याची गाडी केली तो नमुना मालकाने बदलू नये, असे कलम ५२ सांगते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतात. त्याआधी २०१३ साली पाण्याची इंजिने बसवून केलेल्या 'जुगाड' गाड्यांविषयी त्याच न्यायालयाने सांगितले होते की, ही मोटार वाहनेच आहेत, कायदा पाळल्याशिवाय रस्त्यावर येऊ देऊ नयेत.

मुलगा अठराच्या आतला असेल तर आणखी जपा. गिअरच्या गाडीचा परवाना अठरा पूर्ण झाल्यावरच मिळतो. अल्पवयीन मुलाने गाडीवर गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

पण खरी भीती दंडाची नाही. बिननोंदणीच्या, बिनविम्याच्या गाडीने उद्या कुणाला धक्का लागला, तर भरपाई विमा कंपनी देणार नाही. ती मालकाच्या खिशातून जाते. आणि शेतकऱ्याचा खिसा म्हणजे त्याची जमीन. पोराच्या हौसेपायी बांध विकायची पाळी येऊ नये. मग बैल गेला आणि झोपा केला, असे होईल.

मग वाट कोणती? वाटा दोन आहेत आणि दोन्ही सरळ आहेत. रस्त्यासाठी हवी असेल तर कागद असलेली जुनी गाडी घ्या, नावावर करा, चासी-इंजिन मूळचे ठेवा, आणि मूळ नमुन्याबरहुकूम ती पुन्हा उभी करा. पंधरा वर्षांची मुदत संपली असेल तर आर.टी.ओ.कडून तपासणी करून नोंदणी नव्याने करून घ्या. जुन्नर-आंबेगावचे हे काम एम.एच. १४ च्या, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या कार्यालयाकडे येते. आणि स्वतःच्या डोक्याने नवेच काही घडवायचे असेल, तर ते शेतासाठी घडवा. वावरात तुमची कल्पना मोकळी सोडायला भरपूर जागा आहे.

वावरातली गाडी : थोडे गणित

समजा, कागद नसलेल्या पण पावतीने घेतलेल्या इंजिनाचे कोळपणी यंत्र करायचे आहे. माणूस मागे चालणार, म्हणजे वेग ताशी तीन किलोमीटर, मिनिटाला पन्नास मीटर. चाकाचा व्यास पन्नास सेंटिमीटर धरला तर एका फेऱ्यात चाक सुमारे १.५७ मीटर जाते. म्हणजे चाकाचे मिनिटाला सुमारे बत्तीस फेरे हवेत. इंजिन तीन हजार फेऱ्यांवर बरे चालते. तीन हजाराला बत्तीसने भागा : सुमारे चौऱ्याण्णव. इंजिनाचे चौऱ्याण्णव फेरे झाले की चाकाचा एक व्हावा.

आता गाडीत आधीच किती घट आहे? क्लचपाशी सुमारे साडेतीन पट, पहिल्या गिअरात सुमारे तीन पट, चेनवर सुमारे तीन पट. गुणाकार साडेएकतीस. आणखी तीन पट हवी. मध्ये एक दांडा टाकून त्यावर चौदा दात्यांचे आणि बेचाळीस दात्यांचे चक्र असा एक टप्पा वाढवला की काम झाले. गाडीगाडीचे आकडे थोडे वेगळे असतात, तुमच्या इंजिनाचे दाते मोजून गणित पुन्हा करा. पण रीत हीच. शाळेत ज्याला गुणोत्तर-प्रमाण नकोसे वाटले, त्या मुलाला हे गणित गोठ्यात बसून आवडीने येते, असा अनुभव आहे.

तीन गोष्टी विसरू नका. एक, मोटारसायकलचे इंजिन पळताना लागणाऱ्या वाऱ्याने थंड होते. वावरात ते मुंगीच्या पावलाने चालणार, वारा कुठून येणार? तासाभरात तापून पिस्टन धरतो. म्हणून पंखा बसवा, नाहीतर रिक्षाचे किंवा स्कूटरचे इंजिन घ्या, त्यांना पंखा मूळचाच असतो. दोन, या यंत्राकडून नांगरटीची अपेक्षा करू नका. शंभर सीसीच्या इंजिनाची सात-आठ घोड्यांची शक्ती फार वरच्या फेऱ्यांवरची असते, तीन हजारांवर ती निम्म्याहूनही कमी भरते. बैलजोडीची शक्ती साधारण एका घोड्याची, पण तिचे वजन आणि पायाची पकड यंत्राला नाही. कोळपणी, भर लावणे, फवारणीचा पंप चालवणे, एवढी कामे ठीक. तीन, चेन आणि दातेरी चक्र झाकलेच पाहिजे, आणि मूठ सोडली की यंत्र थांबलेच पाहिजे. धोतर, पदर, ओढणी यांना उघडी चेन म्हणजे काळच.

आई-वडिलांना दोन शब्द

मुलाला सरसकट "नाही" म्हणू नका, आणि सरसकट "हो"ही म्हणू नका. एक वही द्या. तिच्यात एका बाजूला खर्च, दुसऱ्या बाजूला काम : आज काय उघडले, कोणता भाग कुठला, माप किती. जास्तीत जास्त किती रुपये घालायचे ते आधीच ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर दोघांच्या सह्या करा. भागांची उधारी झाली त्या दिवशी काम थांबवायचे, हेही त्यात लिहा. आणि पहिली किक मारायच्या आधी गावातल्या जाणत्या मिस्त्रीकडून ब्रेक आणि चाके तपासून घ्यायची, हेही.

वही तीन महिने नेटाने चालली, तर समजा की मुलाला नाद नाही, गती आहे. मग त्याला आय.टी.आय.ला घाला. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा. नाहीतर पाबळचा आश्रम एकदा दाखवून आणा. चाकणला बजाजचा कारखाना आहे, तो आपल्यापासून काही परदेशात नाही. आणि नोकरी नाही मिळाली तरी ज्याच्या हातात वेल्डिंग आणि लेथची कला आहे, तो शेतकऱ्यांच्या या पट्ट्यात रिकामा बसत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकलींचे दुकान चालवता चालवता लोखंडी नांगरापर्यंत पोहोचले, आणि १९०३ सालचा तो नांगर सुरुवातीला शेतकरी हातात धरायलाही तयार नव्हते. लोखंडाने जमिनीत विष पसरेल, अशी त्यांची धास्ती होती.

वही पहिल्याच महिन्यात बंद पडली, तर तेही कळले म्हणून समाधान माना. सांगाडा भंगारात घाला आणि पुन्हा त्यावरून मुलाला टोचून बोलू नका. बाजारात आणलेला प्रत्येक खोंड औताला चालतोच असे नाही, म्हणून कुणी बाजार करायचे सोडत नाही.